तक्क्याची नेमणूक

"मी बघतो," असं मी म्हणालो, आणि तिथून सगळं सुरू झालं.

घरात एखादी अडचण आली की आमच्यासारख्या माणसाच्या तोंडून हे दोन शब्द आपोआप निघतात. म्हणताना छाती जराशी पुढे येते आणि प्रत्यक्ष बघायची वेळ आली की निमूटपणे मागे जाते. एरवी आमच्याकडे ते कोणी मनावर घेत नाही. नळ गळायला लागला की मी 'बघतो' म्हणतो आणि बायको प्लंबरला फोन लावते, असा आमचा बिनबोभाट चाललेला संसार आहे. पण या वेळी ते माझ्या सासऱ्यांनी ऐकलं. चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहत ते म्हणाले, "बघा बुवा, जावईबापू. आता तुमच्यावरच आहे." एरवी हे गृहस्थ मला बल्बसुद्धा बदलू देत नाहीत. त्यांनी असा अचानक विश्वास टाकल्यावर मला पळायला जागाच राहिली नाही.

अडचण अशी होती. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ते आमच्याकडे राहायला आले होते. रोज चाला, नाहीतर गुडघा आखडेल आणि हातातली काठी जन्मभर सुटायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. आता ज्या माणसाने उभं आयुष्य शाळेच्या मैदानावर पोरांना कवायत शिकवली, त्याला 'चाला' म्हणून सांगणं किती कठीण! मी सोबत निघालो की ते "मी काय आजारी आहे?" म्हणून दारातूनच परत फिरायचे. लेक सोबत गेली की ती पावलापावलाला "बाबा, दुखतंय का?" विचारायची आणि ते चिडून जो पहिला बाक दिसेल त्यावर बसून घ्यायचे. ते गुपचूप चालायचे ते फक्त तक्क्याबरोबर.

तक्क्या म्हणजे आमचा कुत्रा. तो तक्क्यासारखा दिसतो आणि तक्क्यासारखाच पडून राहतो. लहानपणी त्याला दुसरं काहीतरी भारदस्त नाव ठेवलं होतं, पण त्या नावाला तो कधी जागला नाही आणि आम्हीही नंतर आग्रह धरला नाही. दोघांची चाल सारखीच, संथ आणि वाटेत थांबत थांबत. "तो मला काही विचारत नाही," असं सासरे म्हणायचे. घरासमोरच्या उद्यानातल्या सपाट वाटेवर हे दोघं रोज सकाळी फिरायचे आणि गुडघा हळूहळू वाकायला लागला होता. अशातच एके दिवशी उद्यानाच्या फाटकावर पालिकेची नवी पाटी लागली. उद्यानात श्वान आणण्यास सक्त मनाई. कबुतरांना दाणे टाकण्यास सक्त मनाई. उल्लंघन करणाऱ्यास दंड.

पहारेकऱ्याने दोघांना फाटकातूनच परत पाठवलं. म्हणजे सासऱ्यांना तो आत जा म्हणाला, पण तक्क्या नाही तर मीही नाही, असं म्हणून ते वळले ते थेट घरी येऊन खिडकीतल्या खुर्चीत बसले. बाहेरच्या फूटपाथवर चालावं तर तिथे निम्म्या जागेत स्कूटरी आणि निम्म्या जागेत उखडलेल्या फरशा. काही दिवसांतच सासरे खुर्चीतून उठताना तोंड वाकडं करायला लागले. तेव्हा मी ते दोन शब्द बोललो होतो.

पाटी नीट वाचावी म्हणून मी संध्याकाळी फाटकाशी गेलो. सगळ्यात खाली, दांडीआड अर्धवट झाकलेली एक ओळ होती. 'उपयुक्त कामगिरीवरील श्वानांस अपवाद.' मी ती दोनदा वाचली आणि तडक वरच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. हे काका कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले आहेत. नोकरीत असताना त्यांना लोकांना सल्ला द्यायची मुभा नव्हती. ती सगळी कसर ते आता आमच्या इमारतीवर भरून काढतात. गच्चीची किल्ली त्यांच्याकडे असते आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तरही.

"विनंती करू नका," काका म्हणाले. "विनंती करणारा माणूस कायम बाकावर बसून राहतो. आपण मदत देऊ करायची. पालिकेला सध्या सगळ्यात जास्त वैताग कोणाचा?"

"आमच्यासारख्यांचा?"

"कबुतरांचा! लोक चोरून दाणे टाकतात, कबुतरं जमतात, सगळे बाक घाण होतात. तुम्ही सांगायचं, आमचा कुत्रा कबुतरं हाकलतो."

"पण काका, तो कबुतरं हाकलत नाही. तो माशीसुद्धा हाकलत नाही."

"हा पुढचा प्रश्न झाला," काका शांतपणे म्हणाले. "कोर्टात आम्ही एका वेळी एकच प्रश्न घ्यायचो."

आता इतक्या अनुभवी माणसाने सांगितल्यावर मी कोण नाही म्हणणारा? ऑफिसातून अर्धी रजा टाकून मी पालिकेत गेलो. तिथे कुत्रे तळमजल्यावर आणि कबुतरं तिसऱ्या मजल्यावर आहेत. म्हणजे त्यांची खाती. तळमजल्यावरच्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "कुत्रा काय काम करतो?"

"कबुतरं हाकलतो," मी म्हणालो. पहिल्यांदा खोटं बोलताना वाटते तेवढी लाज मला वाटली नाही, याचं मला जरा वाईट वाटलं.

"मग हा विषय कबुतरांचा. तिसऱ्या मजल्यावर जा."

लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ फार सज्जन होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, माझं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "यात कुत्रा आहे ना? मग तळमजला." त्यांच्या पाठीमागच्या खिडकीत एका कबुतराने घरटं केलं होतं. खिडकी उघडता येत नाही म्हणून गृहस्थ घामाघूम झाले होते. मी सहज म्हटलं, हाकला की याला. तर म्हणाले, "मी कसा हाकलणार? इमारतीची देखभाल वेगळ्या खात्याकडे आहे."

असा मी दोन-तीन वेळा वर-खाली झालो. सासऱ्यांना चालायला लावायचं होतं आणि चालत होतो मी. शेवटी जिन्यातच धापा टाकत कठड्याला टेकलो असताना एक बाई उतरत येत होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" मी जे काय तोंडाला आलं ते सगळं त्यांना सांगून टाकलं, गुडघ्यापासून घरट्यापर्यंत. त्या नेमक्या उद्यान अधीक्षक निघाल्या. साठीच्या जवळ आलेल्या, करड्या आवाजाच्या बाई. त्या म्हणाल्या, "कुत्रा खरंच कबुतरं घालवतो? मग दाखवा की. पुढच्या महिन्यात उद्यानात प्रात्यक्षिक ठेवू. जमलं तर परवानगी देते. नाही जमलं तर मात्र पुन्हा माझ्याकडे यायचं नाही."

"अवश्य," मी म्हणालो.

घरी येऊन ही बातमी सांगितली तेव्हा बायको तक्क्याकडे पाहत होती. तक्क्या पंख्याखाली उताणा पडला होता आणि त्याचा एक पाय झोपेतल्या झोपेत हलत होता. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही याच्याबद्दलच बोलताय ना?"

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर प्रशिक्षण सुरू झालं. काकांनी किल्ली आणली, सासरे लिफ्टने वर येऊन सावलीत खुर्ची टाकून बसले, आणि मी मधोमध दाणे पसरले. गच्ची आमच्या इमारतीची, सार्वजनिक नव्हे, त्यामुळे नियम मोडत नव्हता, हे काकांनी आधी तपासून घेतलं होतं. कबुतरं आली. तक्क्या दाण्यांच्या कडेला जाऊन आडवा झाला. एक कबुतर टुणकन त्याच्या पाठीवर चढलं आणि तिथून आजूबाजूचा अंदाज घ्यायला लागलं. तक्क्याने एक सुस्कारा सोडला.

"त्याला आपल्याकडून अपेक्षा काय आहे तेच कळत नाहीये," काका म्हणाले. "करून दाखवा."

"काय करून दाखवू?"

"भुंका."

मी इकडेतिकडे पाहिलं. मी एका बऱ्या कंपनीच्या हिशेब खात्यात आहे, माझ्या हाताखाली माणसं आहेत. पण सासरे खुर्चीतून बघत होते आणि त्यांचा पाय समोर काठीसारखा ताठ पसरलेला होता. तो पाय पाहिला आणि मी भुंकलो. सुरुवातीला जरा सभ्यपणे भुंकलो. काकांनी "आवाज पोटातून येऊ द्या" म्हटल्यावर पोटातून भुंकलो. मग त्यांनी सांगितलं की उभ्याने भुंकल्यावर कुत्र्याला ते आपलं वाटत नाही. म्हणून मी हात टेकले. कबुतरं फडफडून उडाली, काकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी मान वर केली तर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई ओली चादर हातात धरून तशाच उभ्या होत्या.

त्याच दिवशी त्या बाईंनी माझ्या बायकोला दुकानात गाठून फार आपुलकीने विचारलं, "तुमच्या मिस्टरांना आता बरं आहे ना?" बायकोने काय उत्तर दिलं ते तिने मला अजून सांगितलेलं नाही. मात्र त्यानंतर त्या बाई मला रस्त्यात पाहिलं की आपल्या नातीला कडेवर उचलून घेतात.

हे रोज चाललं. मी ऑफिसला जायच्या आधी तासभर भुंकायचो आणि घसा बसल्यामुळे दिवसभर ऑफिसात कुजबुजत बोलायचो. माझ्या हाताखालच्या लोकांना वाटलं की काहीतरी गुप्त घडतंय, आणि ते एकदम वेळेवर यायला लागले. हा एक फायदा झाला, पण तो तक्क्याचा नव्हे. काही दिवसांनी तर कबुतरांनीही माझी दखल घेणं सोडलं. मी भुंकत गेलो की ती जरा सरकून मला वाट द्यायची.

वर आणखी एक भानगड झाली. तक्क्या जाड व्हायला लागला. आधीच तो काही सडपातळ नव्हता, पण आता त्याला दारातून वळताना मागेपुढे करावं लागत होतं. मला वाटलं बायको त्याला चोरून खायला घालते. बायकोला वाटलं मी लाच देतोय. यावरून आमचं चांगलंच वाजलं. जनावरांच्या डॉक्टरांनी खाणं निम्मं करायला सांगितलं. आम्ही निम्मं केलं. तक्क्या आणखी जाड झाला. डॉक्टरांनी पुन्हा वजन केलं आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू विचारत होते की दोन सुशिक्षित माणसं एका मुक्या प्राण्याबद्दल इतकं खोटं कसं बोलू शकतात.

या सगळ्याची मला गंमत वाटायची थांबली ती एका सकाळी. सासऱ्यांना चप्पल घालता येईना. पाय वाकत नव्हता. माझ्या बायकोने खाली बसून त्यांच्या पायात चप्पल सरकवली आणि ते भिंतीकडे बघत राहिले. नंतर स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "अहो, तुमच्याने होणार असेल तर सांगा. नाहीतर मी त्यांना घेऊन दुसरीकडे कुठेतरी जाते. डॉक्टर म्हणालेत, आता उशीर झाला तर काही करता येणार नाही." ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मला त्या क्षणी माझी फार लाज वाटली आणि त्या दिवशी मी गच्चीवर जीव तोडून भुंकलो.

प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. उद्यानात अधीक्षक बाई आल्या, त्यांच्याबरोबर आरोग्य खात्याचे निरीक्षक आले, काका कोट घालून आले, बायको रजा घेऊन आली. सासरे फाटकाजवळच्या बाकावर काठी टेकून बसले. समोरच्या इमारतीतल्या बाईही आल्या होत्या, बहुधा मी भुंकेन या आशेने.

सगळे जमले आणि लक्षात आलं की कबुतरंच नाहीत. ती झाडांवर होती, पण खाली यायला तयार नव्हती, कारण खाली काही नव्हतं.

"दाणे टाका," अधीक्षक बाई पहारेकऱ्याला म्हणाल्या.

पहारेकऱ्याने पाटीकडे बोट दाखवलं. "बाई, मनाई आहे. मला दंड होईल."

"अरे, मी सांगतेय ना!"

"तुम्हालाही होईल," तो नम्रपणे म्हणाला.

यावर निरीक्षक म्हणाले की पाटीत अधिकाऱ्यांना अपवाद नाही. बाई म्हणाल्या की पाटी मीच लावली आहे. निरीक्षक म्हणाले, लावली तुम्ही, पण दंड आमचं खातं करतं. दोघांत असं काही जुंपलं की तक्क्या मधे आडवा होऊन झोपी गेला. शेवटी काका पुढे झाले आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "मनाई कबुतरांना दाणे टाकण्यास आहे. आपण ते कुत्र्याची परीक्षा घेण्यासाठी टाकतो आहोत. उद्देश निराळा." निरीक्षकांना हे पटलं की ते थकले, सांगता येत नाही. पहारेकऱ्याने लोकांकडून जप्त केलेलं दाण्यांचं पोतं आणून सोडलं.

क्षणात कबुतरं उतरली. वाट दिसेनाशी झाली. मी तक्क्याचा पट्टा सोडला, मनातल्या मनात जे कोण ऐकत असेल त्याला हात जोडले आणि म्हणालो, "जा."

तक्क्या उठला. आळस दिला. कबुतरांच्या घोळक्यात शिरला. बायकोने माझा दंड घट्ट धरला. तक्क्या थेट मधोमध गेला, मान खाली घातली आणि दाणे खायला लागला.

मला पहिल्यांदा काही कळेनाच. तो पुढचे पाय दुमडून जिभेने सपासप दाणे ओढत होता. एक पट्टा साफ झाला की सरकायचा, दुसरा पट्टा घ्यायचा. एकही कबुतर त्याने हाकललं नाही. कबुतरं सुरुवातीला त्याच्या शेजारी टिपत होती, मग त्यांना टिपायला मिळेना, मग ती नुसतीच त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. गच्चीवरचे दाणे रोज कुठे जात होते आणि तक्क्या जाड का होत होता, हे मला उद्यानाच्या मधोमध, चारचौघांत उमगलं. मी महिनाभर त्याला शिकवलं होतं. तो शिकलाही होता. फक्त विषय वेगळा होता.

"हा तर दाणे खातोय!" निरीक्षक म्हणाले आणि हसायला लागले. "अहो, हा कुत्रा आहे की बदक? कबुतरं घालवायला आणलाय म्हणे!" पहारेकरी हसला. समोरच्या इमारतीतल्या बाई हसल्या. अधीक्षक बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पर्स खांद्याला लावली. मी काहीतरी सारवासारव करायला गेलो, पण नुसती हवा बाहेर आली. घसा तर आधीच बसलेला होता.

"सावधान!"

असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. निरीक्षकांचे पाय आपोआप जुळले. पहारेकऱ्याची टोपी सरळ झाली. मीसुद्धा ताठ उभा राहिलो. सासरे बाकावरून उठून तरातरा आमच्याकडे येत होते.

"हसायला काय झालं?" ते निरीक्षकांसमोर येऊन उभे राहिले. "तुम्ही कबुतरं हाकलायला आजवर काय काय केलंत? फटाके लावलेत, बुजगावणं लावलंत. मी रोज इथे फिरत होतो, सगळं बघितलंय. उडतात, एक फेरी मारतात, परत बसतात. का? कारण दाणे तसेच पडलेले असतात. आता बघा तिकडे!"

सगळ्यांनी पाहिलं. वाट स्वच्छ होती. तक्क्या मधोमध बसून ओठ चाटत होता. कबुतरं थोडा वेळ रिकाम्या फरशीवर इकडून तिकडे फिरली, मग एक उडालं, मग दहा उडाली, आणि मग सगळा थवा पालिकेच्या इमारतीच्या दिशेने निघून गेला. परत फिरला नाही.

अधीक्षक बाई त्या रिकाम्या वाटेवर चार पावलं चालून आल्या. "लोक पहाटे कुंपणावरून दाणे टाकून पळून जातात," त्या हळूच म्हणाल्या, "आणि झाडूवाल्यांची पाळी नऊला सुरू होते. मधल्या वेळेत कोणी उचलणारंच नसतं." मग त्यांनी एकदम विचारलं, "याला कोणी शिकवलं हे?"

"आमच्या जावयांनी," सासरे म्हणाले. "महिनाभर, रोज गच्चीवर. त्यांच्यासारखी मेहनत मी कवायतीच्या मैदानावरसुद्धा बघितली नाही."

मी खाकरलो आणि मान तुकवली. काय करणार, मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा नसतो.

"पण याच्या तब्येतीचं काय?" निरीक्षकांनी शेवटचा प्रयत्न केला. "इतका जाड झालाय तो."

"रोज चालेल की माझ्याबरोबर," सासरे म्हणाले. "उतरेल."

मी त्यांना हळूच बाजूला घेऊन विचारलं, "बाबा, तो गच्चीवर दाणे खातोय हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणजे? माझ्यासमोरच खायचा."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगणार होतो," ते म्हणाले. "पण तुम्ही भुंकण्यात इतके गुंतला होतात."

मी यावर काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात बायकोने माझी बाही ओढली. ती रडत होती आणि हसतही होती. तिने फाटकाजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं. सासऱ्यांची काठी बाकाला टेकून तिकडेच उभी होती. तिथून इथपर्यंतचं एवढं मोठं अंतर ते काठीवाचून आले होते आणि त्यांच्या स्वतःच्या ते लक्षातही आलेलं नव्हतं. आम्ही दोघांनी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिथेच पाय दुखायला लागला असता.

परवानगी मिळाली. तक्क्याची उद्यानात सकाळच्या पाळीवर नेमणूक झाली आणि त्याच्या गळ्यात पालिकेचा पितळी बिल्ला आला. सोबत एक माणूस लागतो, ती जागा सासऱ्यांना मिळाली. काका सांगतात की हा खटला त्यांनी चालवला, आणि मीही हरकत घेत नाही.

पहिल्या दिवशी मीही कौतुकाने त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेलो. पहारेकऱ्याने तक्क्याला सलाम ठोकला, सासऱ्यांना सलाम ठोकला आणि फाटक उघडलं. मीही घुसायला गेलो तर त्याने हात आडवा घातला. "फाटक आठला उघडतं, साहेब. आत्ता फक्त कामावरची माणसं."

मी रेलिंगला धरून बाहेरच उभा राहिलो. आत तक्क्या मान खाली घालून वाट साफ करत चालला होता आणि मागून सासरे, छाती पुढे काढून, एक पाय जरा ओढत पण काठी न टेकता, ती काखेत मारून. झाडांआडून त्यांचा आवाज येत होता, "डावा, उजवा! डावा, उजवा!" एक फेरी पूर्ण करून ते माझ्यासमोरून गेले तेव्हा मी हात हलवला. ते थांबले नाहीत.

"तुम्ही जा घरी, जावईबापू," चालता चालताच ते म्हणाले. "आम्हाला वेळ लागेल."